हाकेबाहेरचं घर

शनिवार, २१ ऑगस्ट २००४

पोचले एकदाची. शेवटच्या तीन वळणांना बसमध्ये मी एकटीच उरले, तेव्हा चालकानं मला पुढं बोलावून बसवलं आणि प्रत्येक वळणावर मुद्दाम लांब भोंगा वाजवला. उतरताना म्हणाला, बाई, बस आता शुक्रवारी, तोवर गावात कुणाशी भांडू नका. मी भांडखोर आहे हे तोंडावरच लिहिलेलं असावं. बासेलला ट्रामच्या तक्रार खिडकीत सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचा संताप ऐकला की थोडा अंगात मुरतोच.

गुफरमाट मला पाहताक्षणी आवडलं. उन्हानं काळी पडलेली लाकडी घरं एकमेकांना चिकटून उभी, मध्ये चर्च, वर कुरणं, कुरणांच्या वर हिमनदी. दोन आठवडे भरपूर चालायचं, फुलं बघायची आणि आईच्या गावाचा इतिहास वहीत उतरवून घ्यायचा, एवढाच बेत आहे. आई मार्चमध्ये गेली. विसाव्या वर्षी ती हे गाव सोडून आली आणि नंतर कुणी गावाचं नाव काढलं तरी हातातलं ताट आपटायची. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणून मीच इथल्या दुकानवाल्या लुडविनाला पत्र टाकलं, की क्रेसेन्झची मुलगी वेरेना येऊ म्हणते, खोली मिळेल का. चौथ्या दिवशी उत्तर आलं: खोली कशाला, तुझ्या आईचंच घर रिकामं आहे.

घर ओढ्यापलीकडं एकटंच आहे. आत छातीएवढी उंच दगडी शेगडी आणि तिला तिन्ही बाजूंनी लाकडी बाक. लुडविनानं स्वतः येऊन ती पेटवून दिली. ऐंशीच्या घरातली बाई, पण लाकडं माझ्यापेक्षा भराभर रचते. टेबलावर काळा पाव, चीज आणि जर्दाळूंची टोपली ठेवलेली होती. शेगडी विझू देऊ नको, एवढं मात्र तिनं दोनदा सांगितलं.

सूर्य डोंगराआड गेला आणि वर कुरणातून हाक आली. दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावून गुराखी संध्याकाळी गावाची राखण मागतो, ती हाक. मी कौतुकानं बाहेर गेले आणि शब्द ऐकून जागच्या जागी उभी राहिले. जिथवर हाक, तिथवर राखण. हे तर आईचं गाणं.

आई रोज दिवेलागणीला हेच म्हणायची. आधी माझ्या मैत्रिणींना घरी पिटाळायची. मग भर जानेवारीतही सगळी दारंखिडक्या उघडून कोपरान्‌कोपरा झाडून काढायची, पलंगाखाली, कपाटामागं, आणि मग सगळं बंद करून चारी भिंतींकडं आळीपाळीनं तोंड करून हे म्हणायची. एक दिवस चुकवला नाही. माझे सगळे वाढदिवस सहाच्या आत संपले ते त्यामुळं. मला ती विक्षिप्त वाटायची. आज तिथं ओढ्याकाठी उभी राहून मी चक्क रडले.

रविवार, २२ ऑगस्ट

सकाळी चार तास चालले. हिमनदीच्या टोकापाशी निळी फुलं आहेत, बिळांतून मार्मोट, म्हणजे इथल्या गलेलठ्ठ डोंगरी खारी, शिट्ट्या मारतात, माणूस एकही नाही. जर्दाळू खाल्ले, बिया ओढ्यात टाकल्या, लहान मुलीसारखी मजा केली.

एक बारीकशी कुरकुर. उठले तेव्हा शेगडीजवळच्या बाकावर ओला डाग होता, माणूस बसेल एवढा. छप्पर गळत असेल म्हणावं तर गेले नऊ दिवस इथं पाऊस नाही म्हणे. आणि शेगडी गार. काल मी तिच्यात एवढं लाकूड घातलं होतं की दगड सकाळपर्यंत कोमट राहायला हवा होता. पहाटे दाराची कडी वाजल्यासारखीही वाटली. वारा असेल.

लाकडाची मात्र काळजी नाही. मी न सांगता कुणीतरी दारात फोडलेल्या लाकडांचा भारा आणून ठेवलाय. शहरात शेजारी साधी मीठसाखर देताना तोंड वाकडं करतात.

संध्याकाळी पुन्हा हाक. आज नीट पाहिलं. गुराखी कुरणाच्या कडेला रोवलेल्या क्रुसापाशी उभा राहतो, चर्चकडं तोंड करून घरांची नावं घेतो, मग कुरणांकडं, मग खालच्या वाडीकडं. चौथी बाजू माझी. तिकडं तो वळलाच नाही. नरसाळं काखेत मारून निघून गेला.

मंगळवार, २४ ऑगस्ट

आता बाकावर तीन डाग आहेत. मी लुडविनाच्या दुकानात जाऊन तक्रार केली, रीतसर, आवाज न चढवता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बाक ओला आहे ना? मग पुसायचा. आमच्या काळी बायका पुसायच्या.’ मी विचारलं, गुराखी माझ्या घराचं नाव का घेत नाही? तर म्हणे वारा उलटा असतो, तुला ऐकू येत नसेल. मी म्हटलं, माझे कान चांगले आहेत आणि तो माझ्याकडं पाठ करतो ते दिसायला कान लागत नाहीत.

तिनं विषय बदलून मला संग्रहालय दाखवलं. संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेची एक खोली. लोणी घुसळायची पिंपं, बर्फात चालायचे जोडे, दोन जुनी नरसाळी. एक हातात घेऊन तिनं समजावलं, की हाक घातली म्हणजे कुंपण पडतं. बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही, म्हणून तर गुरं भटकत नाहीत. कुंपण टिकतं दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. मग पुन्हा हाक.

भिंतीवर चौकटीत लावलेली एक जुनी नोंद होती. १८६२च्या सप्टेंबरात मीठ घेऊन खिंडीतून परतणारे गावचे अकरा जण हिमनदीत अडकले. दोन संध्याकाळी त्यांच्या हाका गावात ऐकू येत होत्या. खाली लिहिलंय: वादळामुळे जाणे शक्य नव्हते. मी लुडविनाला विचारलं, वादळात हाका ऐकू येतात का? तिनं चौकटीवरची धूळ पुसली.

माझं डोकं तापलंय. हातपाय मात्र गार आहेत. डावी करंगळी दुपारपासून बधिर आहे, उन्हात धरली तरी.

बुधवार, २५ ऑगस्ट

आज सकाळी वर कुरणात गेले आणि गुराख्याला गाठलं. थिओडुल नाव. चीजच्या चकत्या मीठपाण्यानं पुसत बसला होता. वर पाहिलं आणि म्हणाला, ‘क्रेसेन्झचं नाक आहे तुला. ये, बस. मी तुझा मामा.’

पन्नास वर्षांची होईपर्यंत मला मामा आहे हे ठाऊक नव्हतं. आणि पहिली गोष्ट मी त्याला काय विचारावी, तर स्वतःच्या बहिणीच्या घराचं नाव तू का गाळतोस.

तो सांगत गेला तसं सांगते. दुसऱ्या संध्याकाळी हाका आल्या तेव्हा गावानं दारं लावून घेतली. आमची खापरपणजी तेवढी ओढ्यापलीकडच्या दारात उभी राहून ओरडली, की आमच्याकडं या, शेगडी पेटलेली आहे. ते आले. जिवंतपणी नाही, नंतर. तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात, बाकावर बसतात, पहाटे उठून जातात. गावानं ठरवलं, बोलावलं त्यांनी, तर सांभाळावं त्यांनी. आणि हाकेतून घर वगळलं.

मी म्हटलं, एका बाईनं माणुसकी दाखवली आणि तुम्ही दीडशे वर्षं त्याची किंमत तिच्या पोरीबाळींकडून वसूल केली.

‘त्यांना कुठंतरी बसायला हवं, वेरेना,’ तो म्हणाला. ‘सगळीच घरं बंद केली तर ते वरचं बर्फच गावावर घेऊन येतील. आज्यानं सांगितलेलं आहे.’

मी म्हटलं, मग तुझ्या झोपडीत बसव. तो चीज पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, माझी आजी त्यांच्यात बसून मोजे विणायची, एवढी सवय झाली होती. ती गेली तेव्हा जुलै होता आणि तिची बोटं हिवाळ्यात सापडलेल्या माणसाच्या बोटांसारखी काळी झाली होती. त्यानंतर घर क्रेसेन्झकडं यायचं होतं. ती पहाटे निघून गेली. मग लुडविना पाहुणे ठेवू लागली. पण पाहुण्यांकडं ते नीट बसत नाहीत, सारखे उठतात, शोधतात.

‘तू आमची आहेस. तुझ्याकडं गप बसतायत ना?’ हे त्यानं मला काळजीनं विचारलं. काळजीनं.

गुरुवार, २६ ऑगस्ट

काल संध्याकाळी मुद्दाम जागी राहून पाहिलं. हाक संपली. दार उघडलं नाही, नुसती कडी वर झाली आणि खाली पडली. मग बाकाच्या फळ्या एकेक करून दबल्या. दिसलं काहीच नाही. जुन्या बर्फाचा वास, ओल्या लोकरीचा. शेगडीत जाळ होता आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला, आणि त्या बिचाऱ्यांचा नाही. दारातली ती लाकडं. मला वाटलं शेजारधर्म. गोठ्यातल्या गाईला वैरण टाकतात तसं मला लाकूड टाकत होते.

सकाळी दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं. तीन बायका होत्या, तिन्ही पावाकडं बघत राहिल्या. लुडविना म्हणाली, अगं दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, एवढा आवाज कशाला. तुझी आई पण अशीच ओरडायची.

मी तिला सांगितलं, हाकेत ओढ्यापलीकडच्या घराचं नाव आलं पाहिजे. आईचं नाव घालून. तोवर मी गप बसणार नाही.

करंगळीचं नख निळं पडलंय.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

बस आली होती. पिशवी घेऊन थांब्यावर उभी होते. चालकानं दार उघडलं, म्हणाला, भांडलात वाटतं.

चढले नाही. मी गेले की लुडविना पुढच्या महिन्यात आणखी कुणाला किल्ली देणार, कुणीतरी फुलं बघायला आलेलं माणूस. आणि दुसरं खरं कारण: आई पळाली. तिनं ते आयुष्यभर मनात ठेवलं. मी पळणार नाही.

थिओडुलला निरोप धाडला, आज नाव घे. संध्याकाळी दारात उभी राहिले. चर्च, कुरणं, वाडी. पाठ.

आता बाक भरलाय. एकजण जमिनीवर बसतो, माझ्या पलंगाजवळ. तिथली फळी सकाळी भिजलेली होती.

शनिवार, २८ ऑगस्ट

संग्रहालयातून नरसाळं उचलून आणलं. लुडविनानं पाहिलं, अडवलं नाही. शब्द मला पाठ आहेत. आईनं वीस वर्षं कानात ओतलेत. थिओडुल घेत नाही ना नाव? मी घेते. यांनी मग खुशाल चर्चमध्ये बसावं, नाहीतर लुडविनाच्या दुकानात.

रात्री साडेआठ

घातली हाक. थिओडुलची संपता संपता आधी कडी वाजली, मग मी दात खाऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि माझी घातली. चारी भिंतींकडं. या घराची राखण, क्रेसेन्झच्या घराची राखण, जिथवर हाक तिथवर राखण. आवाज एवढा चढला की वर कुरणात गाईंच्या घंटा थांबल्या. काय बरं वाटलं. सत्तावीस वर्षं मी काचेमागून सगळ्यांना म्हणत आले, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय. आज माझं म्हणणं मी पूर्ण डोंगराला ऐकवलं.

घर एकदम शांत झालंय. शेवटचं लाकूड घातलं आणि लिहायला बसले. बाकाची एकही फळी वाजत नाही.

रविवार, २९ ऑगस्ट

सकाळ. शाई गोठली. पेन्सिल.

पहाटे कडी वाजली नाही.

ते गेले नाहीत. अकरा डाग नाहीत, अकरा — बाकावर पांढरं दव धरलंय, बसल्या आकाराचं. दाराला आतून बर्फ. कडी बर्फात गेलीय. खिडक्यांनाही. बाहेर ऊन आहे, बर्फातून पिवळं दिसतंय.

कळलं. लिहिते म्हणजे नीट कळेल. कडी आधी वाजली होती. ते आत आले होते, मग मी हाक घातली. बाहेरचं आत येत नाही. आतलं बाहेर —

आई आधी झाडायची. दारं उघडून, पलंगाखाली, कपाटामागं. मैत्रिणींना घालवून. आधी घर रिकामं करायची. आधी. मला तेवढं गाणं आठवलं, झाडू आठवला नाही. रागाच्या भरात झाडू आठवला नाही.

दुपार

घाबरायचं नाही. हाक एका दिवसाची असते. संध्याकाळी माझी सुटेल. कडी उघडेल, तशी दारं सताड उघडायची, यांना जाऊ द्यायचं, मग मी. चालत जाईन, रांगत जाईन. फक्त संध्याकाळपर्यंत.

लाकूड संपलं. खुर्ची जाळली. शेगडी विझली तसे ते उठले. कपाट उघडलं त्यांनी. पलंग हलवला. ऊब शोधतायत. घरात आता ऊब एकाच ठिकाणी —

डावा हात पेन्सिल धरत नाही. उजवा आहे.

चार वाजले असतील

लुडविना आली. लाकूड ठेवायला. खिडकीचं बर्फ चमच्यानं खरवडून मी ओरडले. काच वाजवली. ती बोलली ते मला काचेतून सगळं ऐकू आलं, ती म्हणाली — ‘पुरे आता ओरडणं. झालं तुझ्या मनासारखं. काल तुझी हाक ऐकून थिओडुल लहान पोरासारखा रडला गं, म्हणे क्रेसेन्झच ओरडते आहे. आज तो घेणार नाव. तुझ्या घराचं, तुझ्या आईचं. सगळं गाव हो म्हणालं.’

नको म्हणाले. नको, आज नको. घसा बसलाय. हात हलवले. तिनंही हलवला. हसली. पहिल्यांदा हसली माझ्याकडं बघून.

गेली.

संध्याकाळ

शेजारी बसलेत. दोन्हीकडं. वाईट नाहीत ते. गारठलेत नुसते. एकानं हात हातात घेतलाय, उजवा नाही, डावा. उजवा ठेवलाय मी लिहायला —

कडी हलली. बर्फ चरचरलं. सुटतेय. माझी हाक सुटतेय. उठायचं, दाराकडे —

वरून. थिओडुल.

चर्च झालं. कुरणं.

वाडी.

मामा, वळू नको. पाठ कर. रोजच्यासारखी पाठ —

वळला. आईचं नाव घेतलं. किती स्वच्छ आवाज आहे. आता माझं —